सड्यावरचं बंद ‘रडार’: इतिहास कुठून शोधायला घ्यावा?

प्रश्न असा आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्ग किनाऱ्यावरच्या एका गावाच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, काँक्रीटचे चार-पाच चौथरे आहेत, त्यांत गंजलेले बोल्ट आहेत, छप्पर गेलेली चिऱ्यांची खोली आहे आणि कातळात खोदलेला एक लांब चर आहे. गावातली म्हातारी माणसं त्या जागेला ‘रडार’ म्हणतात. कोणी सांगतं इंग्रजांच्या वेळचं, कोणी सांगतं एकाहत्तरच्या लढाईतलं. तिथे नेमकं काय होतं, कधी होतं आणि बंद का झालं, हे कसं शोधायचं?

बहुतेक जण आधी कागद शोधायला निघतात आणि तिथेच अडकतात. सुरुवात जोत्यापासून करा. लोखंड, काँक्रीट आणि जागेची निवड या तीन गोष्टी मिळून काळ वीस-पंचवीस वर्षांच्या आत आणून ठेवतात. तेवढं झालं की कोणत्या कचेरीत कोणत्या सालाचं दप्तर मागायचं हे कळतं. उलट क्रमाने गेलात तर ‘रडार’ या शब्दावर सगळी इमारत उभी राहते, आणि तो शब्द कोकणात फार सैल वापरला जातो. सड्यावर मनोरा दिसला की रडार म्हणायचं, अशी सवय आहे. टेलिफोन खात्याचे सूक्ष्मलहरी मनोरे, दीपगृहाचे रेडिओ बीकन, कस्टमची टेहळणी चौकी, हवाई दलाची दुर्बीण-वायरलेस घेऊन बसणारी निरीक्षण ठाणी, हवामान खात्याची केंद्रं, या सगळ्यांना गावागावांत रडार म्हटलेलं आढळतं. म्हणून पहिलं काम आहे ते रडार होतं का, हे ठरवण्याचं.

त्याआधी एक खबरदारी. जागा खरोखर बंद आहे का, हे नुसत्या पडझडीवरून ठरवू नका. पडकी खोली एका कोपऱ्यात आणि चालू यंत्रणा दुसऱ्या कोपऱ्यात, असं होऊ शकतं. २६/११ नंतर तटरक्षक दलाची किनारी रडारं मोठ्या प्रमाणावर दीपगृहांच्या आवारांतच उभी राहिली. सातबाऱ्यावर संरक्षण विभागाचं नाव असेल, कुंपण किंवा फलक असेल, तर आत पाऊल टाकण्याआधी संरक्षण संपदा कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आजही लागू आहे आणि ‘पडकं होतं म्हणून फोटो काढला’ हा त्यात बचाव होत नाही. ड्रोन तर परवानगीशिवाय मुळीच उडवू नका.

आता सड्यावर काय बघायचं ते. गवत कापून झाल्यावर, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत जा. पावसाळ्यात आणि लगेच नंतर चौथऱ्यांच्या कडा दिसतच नाहीत. बूट घोट्याच्या वर हवेत, कारण सड्यावर फुरसं असतं आणि चिऱ्यांच्या फटी, पडके पत्रे ही त्याची आवडती जागा. बरोबर तीस मीटरची टेप, व्हर्नियर कॅलिपर, आट्याचं माप (थ्रेड गेज, दोन्ही पद्धतींचं, दुकानात स्वस्त मिळतं), दोरी, खडू आणि पितळी तारांचा ब्रश घ्या.

बोल्टपासून सुरुवात करा. ब्रिटिश सामान व्हिटवर्थ आट्याचं, इंची मापाचं असतं. सोव्हिएत सामान आणि साठच्या दशकानंतरचं बरंचसं भारतीय सामान मेट्रिक. एक इंची व्हिटवर्थ बोल्टाला इंचाला ८ आटे, म्हणजे दहा आट्यांची लांबी ३१.७५ मिमी. त्याच्या जवळचा मेट्रिक बोल्ट म्हणजे एम-२४ (२४ मिमी व्यासाचा), त्याचे दहा आटे बरोबर ३० मिमी. गंज ब्रशने काढून दहा आटे मोजले की हा फरक साध्या पट्टीवरही दिसतो. मात्र पाऊण इंची बोल्टात हमखास फसायला होतं. त्याचे आटे इंचाला १०, म्हणजे दर आट्याला २.५४ मिमी, आणि एम-२० चा आटा २.५ मिमी. गंजलेल्या लोखंडावर हा फरक मोजून कळत नाही. व्यासही १९ आणि २० मिमी, म्हणजे गंजाच्या थरात बुडून जाणारा. अशा वेळी आट्याचा कोन बघावा लागतो. व्हिटवर्थचा ५५ अंश, मेट्रिकचा ६०. गेजची पाती दोन्ही लावून, मागून विजेरी धरून फट बघायची. नटाच्या मापावर भरवसा ठेवू नका, कारण युद्धकाळात लोखंड वाचवायला ब्रिटिशांनी नट लहान केले आणि ते एम-२० च्या ३० मिमी मापाच्या अगदी जवळ आले. शक्य असेल तर त्याच जागेवरचा मोठा बोल्ट शोधा आणि निर्णय त्याच्यावर घ्या.

दुसरी खूण म्हणजे काँक्रीटमधली सळई. खाऱ्या हवेने आवरण फुटून ती कुठेतरी उघडी पडलेली असतेच. गुळगुळीत गोल सळई असेल तर बांधकाम साधारण १९७० च्या आधीचं समजायला हरकत नाही. पिळाची, म्हणजे दोरीसारखे पीळ दिसणारी टॉर सळई असेल तर सत्तर-ऐंशीच्या दशकातलं, आणि आजच्यासारखी बरगड्यांची टीएमटी असेल तर त्यानंतरचं. मात्र जुन्या चौथऱ्यावर नवा थर चढवलेला असू शकतो. एकाच चौथऱ्यात दोन प्रकारच्या सळया दिसल्या तर ती चूक नाही, ती सर्वांत मौल्यवान नोंद आहे. जागा दोनदा वापरली गेली, असा तिचा अर्थ. खडीही बघा. स्थानिक ठेकेदाराने घाईने केलेल्या कामात जांभ्याचे तुकडे सापडतात, लष्करी अभियंता सेवेच्या देखरेखीखालच्या कामात काळी खडी वाहून आणलेली असते.

याशिवाय झाकणं, चिनी मातीचे इन्सुलेटर, फ्यूज-पेट्या यांच्यावरचे ठसे टिपून घ्या. आयएसआय चिन्ह असलेली वस्तू १९५५ च्या आधीची असू शकत नाही, कारण ती प्रमाणनाची पद्धतच त्यानंतर आली. एक सुटी वस्तू मात्र पुरावा धरू नका. डिस्पोजलचा, म्हणजे लष्कराने विकून टाकलेला माल युद्धानंतर गावोगाव फिरला आहे. जी वस्तू काँक्रीटमध्ये रुतलेली आहे तीच त्या जागेची.

आता मांडणी. प्रत्येक चौथऱ्याचं माप, बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, दोन चौथऱ्यांमधलं अंतर आणि चर कुठून कुठे जातो, हे एका नकाशावर मोजमापानिशी काढा. दिशा होकायंत्राने घेऊ नका. जांभ्यात लोह असतं आणि काही सड्यांवर सुई भलतीकडे वळते, राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे येथे तर कातळशिल्पाजवळची ही गोष्ट प्रसिद्धच आहे. दिशा उपग्रह चित्रावरून किंवा दोन दूरच्या ओळखीच्या खुणांवरून घ्या. आणि कातळशिल्पांचा विषय निघालाच आहे तर, चौथऱ्यांच्या आसपासचा कातळ झाडून बघा. रडारला हवा असलेला मोकळा, उघडा सडा आणि कातळशिल्पं असलेला सडा हे बऱ्याचदा एकच असतात, आणि लष्करी चर त्यांच्यातून गेलेला असू शकतो.

मांडणी कशी वाचायची हे कळायला तीन पिढ्यांचे रडारसंच लक्षात ठेवावे लागतात.

ब्रिटिशांचा पहिला मोठा संच ‘चेन होम’. १०-१३ मीटर लांबीची रेडिओ लहर, ११० मीटर उंच पोलादी मनोरे आणि ७३ मीटरचे लाकडी. असले पाये फार मोठे असतात, लपून राहत नाहीत. परदेशी मोहिमांसाठी त्याची फिरती आवृत्ती होती, तिचे डोलकाठीसारखे खांब ताणाच्या तारांवर उभे राहत. तिची खूण म्हणजे मधला लहान चौथरा आणि त्याभोवती १२० किंवा ९० अंशांवर तारा बांधायचे ठोकळे. ठोकळ्याचं मध्यापासूनचं अंतर साधारण खांबाच्या उंचीच्या अर्धं ते पाऊण असतं, तेव्हा अंतर मोजून उंचीचा अंदाज बांधता येतो. असा खांब एकटाच असेल तर तो साध्या वायरलेसचाही असू शकतो. जोडीने असतील, शेजारी जमीन सपाट असेल आणि दोन खांबांच्या तळापासून निघालेले चर एकाच खोलीकडे जात असतील, तर शंका बळावते.

दुसरा संच दीड मीटर लहरीचा, म्हणजे २०० मेगाहर्ट्‌झचा. समुद्रावरची जहाजं आणि खालून येणारी विमानं पकडायला हाच. याचं एरियल फिरतं आणि अर्ध्या लहरीच्या, म्हणजे ७५ सेंटिमीटरच्या आडव्या दांड्यांच्या रांगांचं असतं. सुरुवातीच्या संचांत पाठवायचं एरियल वेगळं आणि ऐकायचं वेगळं होतं, म्हणून शेजारी-शेजारी दोन सारखेच चौथरे दिसतात. नंतर एकच एरियल दोन्ही कामं करू लागलं. याची जागा कड्याच्या टोकाला असते.

तिसरी पिढी साठच्या दशकापासूनची, भारतीय हवाई दलात आलेले पी-१२, पी-१५ असे सोव्हिएत संच. हे ट्रकवर बसवलेले असत, म्हणून बोल्टांचे चौथरे शोधून हाती काही लागत नाही. तिथे मिळतात ते तीन बाजूंनी बंद असे मातीचे किंवा चिऱ्यांचे बांध, ट्रक वर चढवायचा उतार, जनरेटरसाठी वेगळी खाच आणि माणसांच्या राहण्याची जोती. पी-१५ तर एकाच झिल ट्रकवर मावायचं. असं ठाणं ‘बंद’ होत नाही, उठून दुसरीकडे जातं. गावाच्या आठवणीत मात्र ते रात्रीतून बंद झालेलं असतं.

या सगळ्यांत समान अशा दोन गोष्टी आहेत, वीज आणि अर्थिंग. जनरेटरची खोली मुख्य खोलीपासून मुद्दाम दूर असते, आवाज आणि कंपन टाळायला. तिच्या फरशीत इंजिनाचा पाया वेगळा ओतलेला असतो आणि भोवती बोटभर फट सोडलेली असते. तिथे एकाऐवजी दोन-तीन पाये असतील तर ती सहज सोय नव्हती. चोवीस तास चालणाऱ्या ठिकाणी एक इंजिन चालू, एक तयार आणि एक दुरुस्तीला, असा हिशोब असतो. टेलिफोनच्या मनोऱ्यालाही हे लागतं, पण नुसत्या टेहळणी चौकीला लागत नाही, त्यामुळे अर्ध्या शंका इथेच गळतात.

अर्थिंग हा सड्यावरचा खरा डोकेदुखीचा विषय. वरचा जांभा टणक आणि कोरडा, एप्रिल-मेमध्ये त्यातून वीज जवळपास वाहतच नाही. नळी साधारण अडीच मीटर खोल पुरून भोवती कोळसा आणि मीठ भरायचं आणि उन्हाळाभर पाणी ओतायचं, ही नेहमीची पद्धत. तरीही भागत नाही, म्हणून तांब्याची पट्टी सड्याच्या उतारावरून खाली ओलाव्यापर्यंत, विहिरीपर्यंत नेलेली असते. तुमच्या कातळातल्या चराचं एक टोक उतारावरून खाली जात असेल तर तो केबलचा चर नसून अर्थिंगचा असण्याची शक्यता मोठी. तांबं अर्थातच केव्हाच गेलेलं असेल, पण पट्टी धरून ठेवणाऱ्या खिळ्यांची भोकं ठरावीक अंतराने दिसतात.

जागेची निवड आकड्यांनी तपासा. रडारची सरळ नजर किती लांब जाते हे काढायला सोपं गणित आहे. एरियलची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये, तिचं वर्गमूळ. लक्ष्याच्या उंचीचं वर्गमूळ. दोन्हींची बेरीज गुणिले ४.१२. उत्तर किलोमीटरमध्ये. सडा ९० मीटर उंच असेल तर ३,००० मीटरवरचं विमान सुमारे २६५ किमीवरून नजरेच्या टप्प्यात येतं, १०० मीटरवरून येणारं विमान सुमारे ८० किमीवर, आणि २५ मीटर उंच डोलकाठीचं जहाज सुमारे ६० किमीवर. तुमच्या सड्याची उंची घालून बघा. त्या सड्यापेक्षा उंच आणि समुद्राच्या तितकाच जवळ दुसरा सडा शेजारी मोकळा असेल, तर हा का निवडला याला उत्तर हवं. रस्ता, पाणी, किंवा मुळात ते रडारच नव्हतं.

उंचीला आणखी एक कारण आहे. समुद्राच्या पाण्यावरून लहर परावर्तित होते आणि थेट लहरीत मिसळून आकाशात पट्टे तयार करते, काही कोनांत दुप्पट जोर, काही कोनांत शून्य. सगळ्यांत खालचा जोरदार पट्टा किती कोनावर बसेल ते लहरीची लांबी भागिले एरियलच्या उंचीची चौपट, यावरून येतं. दीड मीटरची लहर आणि ९० मीटरचा कडा घेतला तर तो पाव अंशाच्याही खाली येतो, म्हणजे क्षितिजाला चिकटून. दहा मीटरची लहर आणि ३० मीटरची उंची घेतली तर तो जवळजवळ पावणेपाच अंशांवर जातो आणि खालून येणारं विमान सुटतं. कड्याच्या टोकावरचा चौथरा दीड मीटरच्या संचाचा आणि आतल्या सपाटीवरचा लांब लहरीचा, हा ठोकताळा यातूनच आला.

अरबी समुद्राचं एक वैशिष्ट्य इथे सांगायलाच हवं, कारण जुन्या नोंदवह्या वाचताना ते माहीत नसेल तर वाचणारा गोंधळतो. उन्हाळ्यात जमिनीवरची कोरडी, तापलेली हवा समुद्रावरच्या दमट, त्यामानाने थंड हवेच्या थरावर सरकते. या दोन थरांच्या सीमेखाली लहर अडकून पृथ्वीच्या गोलाईबरोबर वळत जाते. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतल्या २०० मेगाहर्ट्‌झच्या रडारला अशा दिवसांत अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी मिळाले, हजार मैलांहून अधिक अंतरावरून. रडारशास्त्रात हे उदाहरण आजही दिलं जातं. मुंबईत युद्धकाळात दीड मीटरचा संच होता, याचाही हा भक्कम दाखला.

असा प्रतिध्वनी पडद्यावर मात्र चुकीच्या जागी दिसतो. समजा संच सेकंदाला ४०० स्पंद, म्हणजे लहरीचे तुटक झटके, पाठवतो. दोन स्पंदांच्या मधल्या वेळात लहर ३७५ किमीपर्यंत जाऊन परत येऊ शकते. २,४०० किमीवरचा प्रतिध्वनी परत येईपर्यंत आणखी सहा स्पंद निघून गेलेले असतात, आणि तो शेवटच्या स्पंदाचा समजून १५० किमीवर दाखवला जातो. समुद्रात १५० किमीवर जमीन नाही, म्हणजे जहाजांचा तांडाच आला, असा समज होऊ शकतो. कुठल्याही नोंदवहीत मार्च ते मे या काळात ‘मोठा, पसरट, न हलणारा प्रतिध्वनी’ आढळला आणि पाऊस लागल्यावर अशा नोंदी थांबल्या, तर शत्रू शोधू नका, हवा शोधा. ‘आमच्या रडारने अमुक दिवशी जपानी जहाजं पकडली होती’ अशी कथा गावात असेल तर तीही याच कसोटीवर घासून घ्या.

आता कागद. आधी गावचे. कोकणातली अडचण अशी की सड्याची जमीन वरकस किंवा पोटखराब (हलकी किंवा लागवडीला न येणारी), आणि १९५० मध्ये खोती जाईपर्यंत बरीच खोतांच्या नावाची. युद्धकाळात लष्कराने घेतलेली जमीन सहसा विकत घेतलेली नसे. १९३९ च्या भारत संरक्षण कायद्याखालच्या नियम ७५-अ प्रमाणे ती तात्पुरती ताब्यात घेत आणि भाडं किंवा भरपाई देत. अशा ताब्याची नोंद मालकीत न येता फार तर ‘इतर हक्कां’त येते, म्हणून आजच्या सातबाऱ्यावर काहीच दिसत नाही आणि लोक निराश होऊन परततात. जुने फेरफार मागा, १९४० ते १९५० चे सगळे, सर्व्हे नंबर आणि हिस्सा सांगून. फेरफार गावदप्तरी नसला तर तहसीलच्या अभिलेख कक्षात मागा.

जमीन कायमची संपादित झाली असेल तर शोध सोपा होतो. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ४ आणि ६ च्या अधिसूचना सरकारी राजपत्रात असतात, निवाडा प्रांत कार्यालयाकडे असतो, आणि भूमी अभिलेख कार्यालयात कमी-जास्त पत्रक निघतं. हे शेवटचं विसरू नका. क्षेत्र किती घटलं, कोणत्या आदेशाने, हे त्यात एका ओळीत मिळतं, आणि ती ओळ पुढच्या सगळ्या शोधाची किल्ली ठरते. मागाल ती प्रत प्रमाणित मागा.

जिल्ह्यांच्या हद्दीही लक्षात ठेवा. सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला वेगळा झाला, त्याआधीचं देवगड, मालवण, वेंगुर्ल्याचं जिल्हा दप्तर रत्नागिरीचं. रायगड म्हणजे जुना कुलाबा. मुरूड-श्रीवर्धनकडचा भाग जंजिरा संस्थानात आणि सावंतवाडी स्वतंत्र संस्थान, दोन्ही १९४८ पर्यंत. संस्थानी हद्दीत ब्रिटिश लष्कराला जागा हवी असे तेव्हा पत्रव्यवहार कलेक्टरमार्फत न जाता राजकीय खात्यामार्फत जाई. म्हणजे मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात वेगळ्या खात्याच्या फायली मागायच्या.

लष्करी कागदांचं सांगायचं तर, ब्रिटिश काळासाठी लंडनमधल्या क्यू येथलं नॅशनल अर्काइव्हज. तिथल्या ‘एअर २९’ मालिकेत रडार ठाण्यांसारख्या फुटकळ तुकड्यांच्या दैनंदिन नोंदवह्या आहेत, ‘एअर २३’ मध्ये परदेशी कमांडचे कागद. ऑनलाइन सूचीत ‘रडार’ टाकून शोधलंत तर बरंच सुटेल. ब्रिटिशांनी हा शब्द १९४३ मध्ये स्वीकारला, त्याआधी ‘आरडीएफ’, आणि ठाण्यांचं अधिकृत नाव ‘एअर मिनिस्ट्री एक्सपेरिमेंटल स्टेशन’, म्हणजे एएमईएस आणि पुढे क्रमांक. गावाच्या नावाने शोधताना विझियाद्रुग, देओगढ, माल्वन, जयगढ अशी तेव्हाची स्पेलिंगं वापरा. इंडिया ऑफिसचे युद्धविषयक कागद ब्रिटिश लायब्ररीत आहेत, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची सूची ‘अभिलेख पटल’ वर बघता येते.

स्वातंत्र्यानंतरच्या ठाण्यांसाठी माहिती अधिकारात अर्ज करा, शुल्क १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. सैन्यदलं या कायद्यातून वगळलेली नाहीत. पण कलम ८(१)(अ) सुरक्षेचं आहे आणि वीस वर्षं उलटली तरी ते सुटत नाही. म्हणून संचाची क्षमता, वारंवारता, तैनाती विचारू नका. जमीन केव्हा घेतली, केव्हा परत दिली, कोणत्या कार्यालयाने, एवढंच विचारा. अशा मुद्द्यांवर नकार द्यायला कारण उरत नाही, आणि ‘बंद केव्हा झालं’ याचं उत्तर त्यातच येतं.

जुनी चित्रं हा सर्वांत कमी वापरला जाणारा आणि सर्वांत फळ देणारा मार्ग. अमेरिकेच्या कोरोना हेर उपग्रहांची १९६० ते १९७२ ची चित्रं १९९५ मध्ये खुली झाली. ती त्यांच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या ‘अर्थ एक्सप्लोरर’ वर शोधता येतात. आधी कोणी स्कॅन करून घेतलेली चौकट फुकट उतरवता येते, नसेल तर पैसे भरून स्कॅन मागवावी लागते. शेवटच्या कॅमेऱ्यांची स्पष्टता दोन मीटरच्या आसपास आहे. बारीक खांब त्यात दिसणार नाही, पण मातीचे बांध, पांढरा रस्ता आणि मनोऱ्याची सावली दिसू शकते. सावलीची लांबी गुणिले सूर्याच्या उन्नतांशाचा (क्षितिजापासूनच्या कोनाचा) टॅन्जंट म्हणजे मनोऱ्याची उंची. नोव्हेंबर ते मार्चच्या चौकटी निवडा, बाकी ढग असतात. १९६५ च्या चित्रात सडा कोरा आणि १९७० च्या चित्रात बांध असतील, तर ‘इंग्रजांचं’ ही गोष्ट तिथेच संपते.

भारतीय सर्वेक्षण खात्याच्या इंचाला मैल मापाच्या जुन्या पत्रकांत किनाऱ्यासाठी ४७ बी, एफ, जी, एच आणि वेंगुर्ल्याकडे ४८ ई बघा. त्यांवरचे अक्षांश-रेखांश थेट आजच्या जीपीएसमध्ये घालू नका. ती एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर आहेत आणि आपल्या किनाऱ्यावर बराच फरक पडतो, म्हणजे चौथरा सोडून तुम्ही शेजारच्या गडग्यात उभे राहता. जुने सागरी नकाशेही बघा. खलाशाला किनाऱ्यावरून ठळक दिसणारा मनोरा त्यात नोंदलेला असतो, लष्करी असो वा नसो.

म्हाताऱ्या माणसांना विचारताना साल विचारू नका. ‘कोयनेच्या भूकंपाच्या वेळी ते चालू होतं का?’ असं विचारा, तो ११ डिसेंबर १९६७. ‘गोवा सुटला तेव्हा?’ म्हणजे डिसेंबर १९६१. ‘खोती होती तेव्हा?’ ‘गोरे होते की आपले?’ पाणी कोण भरायचं, डिझेलची पिंपं कुठल्या वाटेने वर जायची, ट्रक होते की नाही, हे विचारा. यंत्राबद्दल विचारलंत तर ऐकीव उत्तर मिळेल, पाण्याबद्दल विचारलंत तर पाहिलेलं मिळेल. शक्य तो प्रत्येकाशी वेगवेगळं बोला, चारजण एकत्र बसले की सर्वांत मोठ्या आवाजाची आठवण सगळ्यांची होते.

बंद होण्याची कारणंही जमिनीवर वाचता येतात. एप्रिल १९४२ मध्ये जपान्यांनी ५ तारखेला कोलंबो, ६ ला विशाखापट्टणम आणि काकीनाडा, ९ ला त्रिंकोमालीवर हल्ले केले, आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवर रडारची निकड एकदम वाढली. ऑगस्ट १९४५ ला जपान शरण आल्यावर ती निकडही संपली. त्या काळचं ठाणं असेल तर सामान नीट सोडवून नेलेलं असतं, बोल्टांचे आटे शाबूत, नट काढलेले. गॅसकटरने कापलेले बोल्ट, खालच्या बाजूला वितळलेल्या लोखंडाचे थेंब, ही भंगार लिलावाची खूण, म्हणजे सामान निकामी झाल्यावर केव्हातरी विकलेलं. स्वातंत्र्यानंतरच्या ठाण्यांत बहुधा नवा, अधिक पल्ल्याचा किंवा फिरता संच आला, आणि खारी हवा, पावसात तुटणारा रस्ता, वर डिझेल पोचवण्याचा खर्च यांपुढे स्थिर ठाणं परवडेना. पावसाच्या पहिल्या सरीत इन्सुलेटरवर साठलेलं मीठ ओलं होऊन ठिणगी पडणं, लहरनळीत (एरियलपर्यंत लहर नेणाऱ्या पोकळ नळीत) दमट हवा शिरणं, ओलावा शोषणारं निळं सिलिका जेल आठवड्यात गुलाबी होणं, ही कोकणातल्या प्रत्येक किनारी यंत्रणेची दुखणी आहेत. खिडक्यांची भोकं मागाहून बुजवलेली, आत वातानुकूलनाच्या चौकटी बसवलेल्या दिसल्या तर त्या दुखण्यांवरचा तो इलाज समजा.

काही गोष्टींना हात लावू नका. अंधारात चमकणाऱ्या रंगाच्या जुन्या तबकड्यांत रेडियम असतं, तो रंग विझलेला दिसला तरी किरणोत्सार संपलेला नसतो. मोठ्या व्हॉल्व्हमधला पांढरा चिनी मातीसारखा भाग बेरिलियमच्या संयुगाचा असू शकतो, फोडला तर धूळ फुप्फुसाला घातक. ट्रान्सफॉर्मरचं तेल, अॅस्बेस्टॉसचे पत्रे तसेच राहू द्या. जमिनीखालच्या टाकीत एकट्याने उतरू नका, आत प्राणवायू नसतो. आणि बोल्ट कापून ‘आठवण’ म्हणून घरी नेऊ नका. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याचं संरक्षण शंभर वर्षं झालेल्या वास्तूंनाच मिळतं, तेव्हा ही जागा राखायची जबाबदारी सध्या तरी गावाचीच आहे. ग्रामसभेत ठराव करून चौथरे गाव नमुन्यात नोंदवून घेता येतात का, ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीच्या ग्रामसेवकांना) विचारा.

नेमकं उत्तर हवं असेल तर पुढच्या वेळी एवढं मोजून लिहा: सर्वांत मोठ्या बोल्टाचा व्यास आणि दहा आट्यांची लांबी, बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, उघड्या सळईचा जवळून फोटो (शेजारी पट्टी ठेवून), चौथऱ्यांमधली अंतरं, इंजिनाचे पाये किती, चराची दोन्ही टोकं कुठे जातात, सड्याची उंची आणि कड्यापासूनचं अंतर. सोबत १९४० ते १९७५ या काळातल्या फेरफारांचे क्रमांक. चालू यंत्रणा जवळपास असेल तर तिचा फोटो किंवा ठिकाण मात्र पाठवू नका.